वाचक विचारतात : पंचांचा दंड आणि १९६२ चा निकाल

प्रश्न : माझ्या भाचीने जातीबाहेर लग्न केलं. आता पंच म्हणतात ५१ हजार भरा, नाहीतर समाजातल्या लग्नकार्याला तुम्हाला आवतण नाही, मयतीला कोणी येणार नाही. त्यातले एक शिकलेले पंच सांगतात की कुणाला बाहेर काढायचं हा धर्माचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानेच १९६२ ला म्हटलंय. खरं का हो? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : निकाल खरा आहे ताई, पण तो तुमच्या पंचांच्या कामाचा नाही. १९४९ ला मुंबई सरकारने कायदा केला होता, समाजातून कुणाला बहिष्कृत केलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. त्याविरुद्ध दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन कोर्टात गेले आणि ४ विरुद्ध १ ने जिंकले. कोर्टाचं म्हणणं असं की धार्मिक शिस्त टिकवायला धर्मगुरूने कुणाला बाहेर काढणं हा पंथाच्या धार्मिक बाबींचा भाग, त्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. म्हणजे विषय धर्मगुरूच्या अधिकाराचा होता, लग्नावरून दंड उकळायच्या परवान्याचा नव्हता.

आता गंमत बघा, बोहऱ्यांमधले सुधारक वर्षानुवर्षं हेच ओरडतायत की ‘धार्मिक’ म्हटलं की त्यात सगळंच येतं, मोठं झाल्यावर मिसाक म्हणजे निष्ठेची शपथ, निकाहला रझा म्हणजे धर्मगुरूची परवानगी पाहिजे, आणि एकदा बरात म्हणजे बहिष्कार लागला की घरचेसुद्धा बोलायचे बंद होतात, मेल्यावर कबरस्तानात जागा मिळायची मारामार. मग यातलं धर्माचं किती आणि घरातलं किती हे कोण ठरवणार? माझं मत विचाराल तर त्या चौघांपेक्षा एकटे पडलेले सरन्यायाधीश सिन्हा बरोबर होते, त्यांनी बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यतेच्या जवळची मानली होती. १९८६ ला सुधारकांनी १९६२ च्या निकालाचा फेरविचार करा म्हणून याचिका टाकली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांकडे पाठवली. इतकी वर्षं! असो.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ पासून, त्यानेच तो १९४९ चा कायदा रद्द केला. यात जात, पोटजात सगळं येतं, लग्नकार्यात किंवा अंत्यविधीत अडवणूक केली तरी गुन्हा, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार टाकायला बैठक बोलावणं पण गुन्ह्यात येतं, त्यामुळे ‘आम्ही नुसते बसलो होतो’ हे चालणार नाही. तक्रार पोलिसात द्या, नाहीतर थेट मॅजिस्ट्रेटकडे.

दंड भरू नका, भरलात की पुढच्या घराचा रेट ठरतो. बैठकीचा निरोप व्हॉट्सअॅपवर आला असेल तर डिलीट करू नका, कोण कोण बसलं होतं ते तारखेनिशी लिहून ठेवा, आणि भाचीचं लग्नाचं सर्टिफिकेट फाइलला लावा.