चार मुलं पुरतात, पण सोयाबीनच्या सोंगणीची नोंद ठेवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मानसशास्त्रात एम.ए. करताय. प्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली अंगणवाडी घेतली आहे. तिथला चार वर्षांचा एक मुलगा इतर मुलांना चावतो, आणखी तिघांच्या अशाच काही तक्रारी आहेत. गाइड म्हणतात चार मुलांवर संशोधन होत नाही, निदान तीस तरी हवीत. सेविकाताई म्हणतात, "दोन चापट्या देल्या का गप बसते." आणि चॉकलेट देऊन ही सवय सुटेल का, असं तुम्ही विचारताय.

मी याच भागातल्या अंगणवाड्यांमध्ये बरीच वर्षं वही घेऊन बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाइडचं बोलणं. त्यांचा आक्षेप सर्वेक्षणासाठी बरोबर आहे. तीस मुलांची सरासरी काढायची, दुसऱ्या तीस मुलांशी तुलना करायची, ती पद्धत वेगळी. उपयोजित वर्तन विश्लेषणात (इंग्रजीत एबीए, म्हणजे रोजच्या जगण्यातलं वर्तन मोजून बदलण्याचं शास्त्र) तुलना एका मुलाची दुसऱ्याशी नसते, त्याच मुलाची त्याच्याशीच असते. उपाय सुरू करण्याआधी कितीतरी दिवस रोज मोजायचं, नंतरही रोज मोजायचं, आणि बदल उपायामुळेच झाला हे रचनेतून दाखवायचं. 1968 मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस' सुरू झालं, त्याच्या पहिल्याच अंकात बेअर, वुल्फ आणि रिझली यांनी या कामाच्या सात कसोट्या मांडल्या. मुलांची संख्या त्यात नाही. जे वर्तन निवडलं ते त्या मुलाच्या आयुष्यात महत्त्वाचं आहे का, ते मोजलं का, बदल कशामुळे झाला हे दाखवलं का, दुसरा कुणी वाचून तेच करू शकेल इतकं स्पष्ट लिहिलं का, असे प्रश्न आहेत. गाइडना तो लेख वाचायला द्या.

त्याच्याही आधीचं, 1964 चं एक काम सांगते, कारण ते तुमच्या कामाच्या फार जवळचं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवाडीत एक चार वर्षांची मुलगी होती. मुलांमध्ये खेळायची नाही, सतत बाईंच्या मागे. अ‍ॅलन, हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पाच दिवस नुसतं पाहिलं. मुलांबरोबर तिचा वेळ जेमतेम 10 टक्के जायचा, मोठ्यांबरोबर सुमारे 40 टक्के. मग बाईंनी एकच गोष्ट बदलली. ती मुलांमध्ये असली की तिच्याकडे लक्ष द्यायचं, एकटी बाईंकडे आली की फार नाही. मुलांबरोबरचा वेळ भराभर वाढला. पुन्हा जुन्या पद्धतीने लक्ष दिलं तर घटला, परत बदललं तर परत वाढला. मुलगी एकच, पण बाईंचं लक्ष हेच कारण होतं याबद्दल शंका उरली नाही.

आता माझी चूक, कारण तुम्हीही ती करण्याच्या बेतात आहात असं मला वाटतं.

माझ्या पहिल्या कामात एक साडेतीन वर्षांचा मुलगा होता. सकाळी अंगणवाडीच्या दारात पडून रडायचा, कधी अर्धा अर्धा तास. सप्टेंबरच्या शेवटी मी मोजायला सुरुवात केली. दोन आठवडे रोज मिनिटं लिहिली. मग उपाय सुरू केला. रडणं थांबलं की सेविकाताई लगेच त्याला जवळ घेऊन घंटा वाजवायला देत. चार दिवसांत रडणं जवळजवळ शून्यावर. आलेख इतका सुंदर आला की मी तो सगळ्यांना दाखवत फिरले. दिवाळीनंतर अंगणवाडी सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी पोरगं पुन्हा दारात लोळण घेत होतं, घंटा तीच, ताई त्याच.

त्याच्या आजीने मला उलगडून सांगितलं. "त्याची माय सोयाबीन सोंगाले जात होती न बाई. मी आनून सोडत होती अन् चालली जात होती. माय दारातून हालतच नाही, मंग तो काहून नाही रडनार?" मी उपाय सुरू केला त्याच आठवड्यात सोंगणी, म्हणजे कापणी, लागली होती. आई पहाटेच वावरात, मुलाला आजी आणून सोडायची आणि मागे वळून न बघता निघून जायची. आई मात्र तो रडला की परत फिरायची, पदराने तोंड पुसायची, आणखी दहा मिनिटं थांबायची. रडण्याला आई मिळत होती. त्या आईला मी दोष देत नाही, कुठलीही आई थांबेल. पण माझ्या घंटेचा त्या आलेखाशी किती संबंध होता हे मला आजही सांगता येत नाही. एकच मुलगा, एकच सुरुवात, आणि वहीत 'आज कोणी आणून सोडलं' असा रकानाच नव्हता.

तेव्हा तुमच्या वहीत तो रकाना पहिला हवा. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, मग तुरी. आपल्याकडच्या मुलांचा दिवस या कामांप्रमाणे बदलतो. कोण उठवतं, काय खाऊन येतं, कुणाच्या कडेवर येतं, दुपारी घरी कोणी आहे का, सगळंच. विद्यापीठाच्या बालवाडीत ही अडचण येत नाही, म्हणून पुस्तकात ती सापडणार नाही.

आणि म्हणूनच चार मुलं असणं तुमचं बळ आहे. चौघांचं मोजणं एकाच दिवशी सुरू करा, पण उपाय एकाच दिवशी सुरू करू नका. पहिल्याचा दहा दिवसांच्या नोंदींनंतर, त्याच्यात बदल दिसून स्थिरावला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, मग चौथ्याचा. याला मल्टिपल बेसलाइन म्हणतात. सोंगणी लागली आणि चौघांचीही रेघ एकदम खाली आली तर ते सोंगणीचं काम. ज्याचा उपाय सुरू झाला त्याचीच रेघ खाली आली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर ते तुमचं काम.

उपाय देऊन काढून घ्यायची जी पद्धत वरच्या अभ्यासात वापरली, तिला रिव्हर्सल म्हणतात. चावण्यासाठी ती वापरू नका. 1964 मध्येच त्याच बालवाडीत सव्वातीन-साडेतीन वर्षांच्या एका मुलीचा अभ्यास झाला होता, ती चालायची सोडून पुन्हा रांगायला लागली होती. शिक्षिकांच्या लक्ष देण्याने ती चालू लागली, आणि कारण सिद्ध करण्यासाठी तिला पुन्हा रांगण्याकडे वळवलं गेलं, मग परत चालतं केलं. शास्त्र म्हणून ते चोख आहे. पण ज्या मुलीच्या दंडावर दातांचे वण आहेत तिच्या आईला 'आता आठवडाभर त्याला परत चावू देतो' असं सांगायची माझी तयारी नाही, तुमचीही नसावी.

मोजायचं काय, हे आधी लिहून काढा. 'आगाऊपणा', 'खोड्या', 'चिडखोर' हे शब्द वहीत नकोत. 'दुसऱ्या मुलाच्या अंगाला दात लागले, कपड्यावरून लागले तरी धरायचं, तोंड जवळ नेलं पण दात लागले नाहीत तर वेगळं लिहायचं' असं हवं. चावणं हे मोजता येतं, म्हणून सरळ संख्या घ्या आणि तासाने भागा, कारण मूल कधी तीन तास असतं, कधी दीड. तीन तासांत सहा वेळा म्हणजे तासाला दोन. ताईंना हातात पेन धरायला वेळ नसतो. आम्ही चिंचोके वापरायचो. सकाळी एका डब्यात मोजून ठेवायचे, चावलं की एक उचलून दुसऱ्या डब्यात. संध्याकाळी मोजायचे. कुठल्याही ॲपपेक्षा ते बिनचूक चाललं.

अधूनमधून दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासोबत बसून, तुमची वही न बघता मोजलं पाहिजे. किमान दर पाच दिवसांतून एक दिवस. खेळणं, रडणं अशा लांब चालणाऱ्या वर्तनासाठी दहा मिनिटांचे दहा-दहा सेकंदांचे 60 खण करा. त्यातले 51 दोघांचे जुळले तर सहमती 85 टक्के. 80 च्या खाली आली तर मुलाला दोष नाही, तुमची व्याख्या ढिली आहे.

आता चापटी. ताईंवर रागावू नका. त्यांच्याकडे पंचवीस-तीस मुलं, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, वजनं, गरोदर बायांच्या भेटी, आणि मदतनीस मावशी चुलीपाशी. चापट मारली की आवाज लगेच बंद होतो. म्हणजे चापटीने मुलाचं वर्तन बदलो न बदलो, ताईंचं वर्तन पक्कं होतं. तो गप्प बसतो हे खरं, पण त्या दिवशी तो नंतर किती वेळा चावला हे कोणी मोजलेलं नाही. चिंचोक्यांचा डबा ताईंच्याच हातात द्या, आठवड्याने त्याच तुम्हाला सांगतील.

पण मुळात तो चावतो का? हे सोडून कुठलाही उपाय ठरवू नका. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय चाललं होतं, काय केलं, लगेच नंतर काय झालं. इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांवर मुद्दाम परिस्थिती बदलून बदलून दाखवलं, की वरून सारखं दिसणारं वर्तन एकाचं लक्ष मिळवण्यासाठी असतं, दुसऱ्याचं काम टाळण्यासाठी, तिसऱ्याचं कुणी जवळ नसतानाही चालूच असतं. तसा प्रयोग तुम्ही अंगणवाडीत करू नका, त्याला जाणकार माणूस आणि सुरक्षित जागा लागते. नुसत्या नोंदींवरूनही पुष्कळ कळतं. खेळणं हिसकावलं की चावतो? ताई दुसऱ्याला मांडीवर घेतात तेव्हा? गोलात बसवलं की?

आणखी एक बघा, तो घरी कुठली भाषा बोलतो. तुमच्या भागात कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. घरी कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला 'माझं दे' हे मराठीत म्हणता येत नसेल तर दात हीच त्याची भाषा. कार आणि ड्युरँड यांनी 1985 मध्ये चार मुलांना त्रासदायक वर्तनाच्या जागी तेच काम करणारं एखादं वाक्य शिकवलं आणि त्रास कमी झाला. तुमच्या मुलाला 'मले दे' किंवा 'मले पाय न' (माझ्याकडे बघ ना) शिकवता येईल. घरचा शब्द आईला विचारा, ताईंनाही तो शिकवा, आणि तो शब्द उच्चारला की पहिले काही दिवस दर वेळी, त्याच क्षणी, त्याला हवं ते मिळालं पाहिजे. उशीर झाला तर दात जिंकतील.

चॉकलेटबद्दल: नको. दात किडतात, बाकीची मुलं बघत बसतात, आणि तुम्ही गेल्यावर चॉकलेट कोण आणणार? अंगणवाडीत जे आहे तेच वापरा. घंटा वाजवणं, ताट वाटणं, ताईंच्या शेजारी बसणं, ताईंचा पाठीवरचा हात. आणि जेवण कधीही अटीवर ठेवू नका, 'चावलास तर खिचडी नाही' असं गमतीतही नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो आहार त्या मुलाचा हक्क आहे.

परवानगीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं लेखी पत्र, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आणि पालकांची संमती, तिन्ही मोजायला सुरुवात करण्याआधी. आईला वाचता येत नसेल तर तिच्या बोलीत समजावून, तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर अंगठा घ्या. व्हिडिओ काढू नका. गावात तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर असतो.

शेवटचं. 'एबीए म्हणजे ऑटिझमचा इलाज' असं कुणी आईबापांना सांगू लागलं तर थांबवा. ते बहुतेक मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासावरून बोलतात: ऑटिझम असलेली 19 मुलं, आठवड्याला 40 तास, त्यातली 9 सर्वसाधारण शाळेत आणि बुद्ध्यंकात इतरांच्या बरोबरीने पोचली. पण उपचाराचा आणि तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, आणि मांडीवर चापट मारणंही त्या उपचारात होतं. तुमचा मुलगा चावतो, एवढंच आपल्याला माहीत आहे. नजर देत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोलणं मागे असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या बालतपासणी केंद्रात दाखवा, प्रबंधात निदान लिहू नका.

पोळा झाला की लगेच मोजायला बसा, सोंगणीला तोंड लागायच्या आत दहा दिवस हाताशी येतील. त्या दहा दिवसांच्या तीन रकान्यांच्या नोंदी, मुलांची आणि गावाचं नाव काढून, मला दाखवा. कोणत्या वेळी आणि कुणासमोर चावतो ते आधी बघू, उपायाचं त्यानंतर ठरवू.