ओठ शिवला, पण टाळू कुणी पाहिला?

तुमच्या मुलाबद्दलची पोस्ट वाचताना आमचीच जुनी फाइल उघडल्यासारखं झालं. जन्मतः दुभंगलेला ओठ, चौथ्या महिन्यात शस्त्रक्रिया, व्रण आता मुद्दाम पाहिला तरच दिसतो; आणि पहिलीत गेल्यावर बाईंची तक्रार, लक्ष देत नाही, वाचनात मागे आहे. टाके, दूध पाजणं वगैरे सगळ्यातून तुम्ही गेलाच आहात, ते सोडून देतो.

एकच विचारतो. तोंडातला टाळू नीट पाहिलाय का कुणी? कागदावर 'टाळू ठीक' लिहिलंय म्हणून नव्हे, टॉर्च मारून, बोट फिरवून?

आमच्या लेकीचा टाळू वरवर अखंड दिसायचा. आतले स्नायू मात्र मधोमध जुळलेलेच नव्हते. याला सबम्यूकस क्लेफ्ट म्हणतात. पडजीभही टोकाशी दुभंगलेली होती. औषध पाजताना शंभरदा 'आ' करायला लावला असेल, पण कधी लक्षात आलं नाही. (नुसती अशी पडजीभ ठणठणीत माणसांतही असते, लगेच घाबरू नका.) ती मला 'मामा' म्हणायची. 'बाबा' म्हणताना हवा नाकातून निसटायची आणि 'ब'चा 'म' व्हायचा. आम्ही सगळे हसायचो, तिचा खरा मामा तर खूशच. तेव्हाचा व्हिडिओ आता मला बघवत नाही.

गिळताना मध्यकर्णाची नळी (कानातून नाकामागे जाणारी) उघडायचं कामही टाळूच्याच स्नायूंचं. ते जमलं नाही की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचतं. बहुतेकदा दुखत नाही, ताप नाही. ऐकू येणं बंद होत नाही, मंद होतं, तेही कधी कमी कधी जास्त. म्हणूनच बाई म्हणायच्या, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं हिला." श्रुतलेखनात 'पाठ'चं 'पाट', 'फळा'चं 'पळा'. आम्ही तेच शब्द दहादा लिहून घ्यायचो.

माझी घोडचूक सांगतो. जन्मानंतरच्या श्रवणचाचणीत ती पास झाली होती. कुणी कानाचं विचारलं की मी ती चिठ्ठी पुढे करायचो. पाणी पुढे कधीही साचू शकतं, हे डोक्यातच आलं नाही. मग शाळेने एका मूल्यमापन केंद्रात पाठवलं (नाव घेत नाही). तिथल्या बाई मान खाली घालून सूचना वाचत होत्या आणि लेक त्यांचं तोंड दिसावं म्हणून टेबलावर वाकत होती. मी काचेपलीकडून पाहत होतो, तरी माझी ट्यूब पेटली नाही. अहवाल आला, ग्रहणशक्ती कमी. श्रवणाच्या रकान्यात 'पालकांच्या सांगण्यानुसार सामान्य'. बुद्धी मोजायला बसलात तर आधी कान मोजायला नकोत? त्या एका ओळीत आमचं दीड वर्ष गेलं.

शेवटी एका ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) टिम्पॅनोग्राम काढला, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख. जिथे डोंगर दिसायला हवा तिथे सपाट रेघ, दोन्ही कानांत. ऐकण्यात ३० डेसिबलच्या आसपास घट. ग्रोमेट (पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या) घातले, पुढे टाळूची शस्त्रक्रिया आणि वाचाउपचार. 'बाबा' आलं. वाचताना अजून अडखळते. गणित आधीपासून चांगलंच होतं.

मी डॉक्टर नाही आणि तुमच्या मुलाचं कारण वेगळंही असू शकेल. टाळू खरोखर चांगला असेल तर ओठामुळे अभ्यासात फारसा फरक पडू नये. पण माझ्या मते शिकवणी, समुपदेशन, बुद्ध्यंक हे सगळं कानाच्या तपासणीनंतर. तोवर पुढच्या बाकावर बसवा आणि बाईंना फळ्याकडे तोंड करून बोलू नका म्हणून सांगा. आणखी एक, कुणी नाकामागचे गाठीसारखे अ‍ॅडेनॉइड काढायला सुचवलं तर आधी टाळू तपासून घ्या. टाळू कमकुवत असताना ते काढले तर उच्चार जास्तच नाकात जाऊ शकतात.

टिम्पॅनोग्राम मिळाला आणि काही कळलं नाही तर मुलाचं नाव झाकून इथे टाका, रेघ सपाट आहे का एवढं तरी सांगेन.