मानेतून चढणारी डोकेदुखी आणि वाजणारा जबडा, यांचा संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की उजवीकडे मानेच्या वरच्या टोकाला ठणका सुरू होतो, डोक्यावरून चढत डोळ्याच्या मागे जाऊन बसतो. मानेची फिजिओथेरपी घेतली की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आणि अगदी शेवटी विचारलंय, त्याच बाजूचा जबडा जांभई देताना कट्ट वाजतो, सकाळी आखडलेला असतो, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. हो, संबंध असू शकतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुरुवातीची काही वर्षं मानेतून येणारी डोकेदुखी म्हटली की मी फक्त मान तपासायचे. जबडा म्हणजे डेंटिस्टचं काम, असं डोक्यात पक्कं होतं. तेव्हा एका बाईंची डोकेदुखी तुमच्यासारखीच परत परत यायची. एकदा बोलता बोलता त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि मला जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसले, एकापुढे एक, ओळीने. तोंड उघडायला सांगितलं तर गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी रेघ. त्या बाई दिवसभर दात आवळून काम करत होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. इतके दिवस मी मान मोकळी करत होते आणि जबडा ती पुन्हा आखडवत होता. आजही त्याची रुखरुख वाटते.

आता हे होतं कसं? चेहरा, जबडा, कपाळ, डोळ्याभोवतीचा भाग यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाची नस नेते. मानेच्या वरच्या भागातल्या संवेदना सी१, सी२ आणि सी३ या, म्हणजे मानेतून निघणाऱ्या पहिल्या तीन नसांमधून जातात. या दोन वेगळ्या वाटा मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला, मज्जारज्जू सुरू होतो तिथे, एकाच केंद्रात येऊन मिळतात. तिथल्या पुष्कळ पेशींना दोन्हीकडचे निरोप येतात. त्यामुळे दुखतंय हे मेंदूला कळतं, पण नेमकं कुठून हे ओळखताना गल्लत होते. म्हणून बिघाड मानेच्या सांध्यात असतो आणि ठणकतं डोळ्यामागे. शिवाय एका वाटेने सतत मारा होत राहिला की त्या पेशी हळव्या होतात. मग दुसऱ्या वाटेने येणारी, एरवी जाणवलीही नसती अशी कुरबूरसुद्धा दुखायला लागते.

दुसरा संबंध हालचालीचा. तो आत्ता बसल्या जागी करून बघा. कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे मागे दोन बोटं ठेवा आणि सावकाश मोठा आ करा. डोकं किंचित मागे कलताना बोटांना जाणवेल. जबडा उघडताना मानही काम करतेच. आता हनुवटी पुढे काढून, स्क्रीनकडे झुकल्यासारखे बसा आणि दात हलके टेकवा. मग मान सरळ करून पुन्हा टेकवा. बहुतेकांना दात वेगळ्या जागी टेकल्यासारखे वाटतात.

नुसता तर्क नाही हा. २०११ साली फॉन पीकार्ट्झ आणि ल्युड्टके यांनी मानेची डोकेदुखी आणि जबड्याची लक्षणं असलेल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या फक्त मानेवर उपचार केले, काहींच्या मानेबरोबर जबड्यावरही. दुसऱ्या गटाची डोकेदुखी जास्त कमी झाली आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. अभ्यास लहान आहे, पण माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतो.

तुमच्या बाबतीत जबड्याचा वाटा किती, हे पारखायला काही गोष्टी बघा. जोरात चावल्यावर किंवा बराच वेळ बोलल्यावर डोकेदुखी वाढते का? कानशिलावर किंवा गालाच्या जाड स्नायूवर दाबलं की नेमकी तीच ओळखीची कळ येते का? स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात मावतात का? नुसत्या आवाजाला मात्र घाबरू नका. न दुखता वाजणारे जबडे खूप असतात आणि त्यांना उपचार लागत नाहीत.

घरी करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे दात सुटे ठेवणं. ओठ मिटलेले, दातांमध्ये थोडी फट, जीभ टाळूला अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. खाताना आणि गिळतानाच काय ते दात टेकावेत. फोनवर दर अर्ध्या तासाने आठवण लावा आणि त्या क्षणी दात कुठे आहेत ते बघा. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना धक्का बसतो. काही आठवडे च्युइंगगम आणि नखं खाणं बंद. झोपेत दात खात असाल तर डेंटिस्टला नाइट गार्डबद्दल, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या कवचाबद्दल विचारा, पण डोकेदुखीसाठी दात झिजवून घ्यायला किंवा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण, कायमचा बदलून घ्यायला घाईने तयार होऊ नका. ते परत फिरवता येत नाही. मानेचे व्यायामही सोडू नका, विशेषतः पुढच्या खोल स्नायूंचे.

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं. तेही तपासून घ्या. अर्धशिशीतही मान दुखते, म्हणून आधी एकदा डॉक्टरांकडून निदान करून घ्या.

वय तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते. पन्नाशीनंतर नव्याने डोकेदुखी सुरू झाली असेल, चावताना जबडा भरून येऊन दुखत असेल आणि थांबलं की बरं वाटत असेल, कंगवा फिरवताना डोक्याची कातडी दुखत असेल, तर हे मान-जबड्याचं प्रकरण न समजता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं किंवा हातापायात कमजोरी आली, तर थेट इमर्जन्सी.

यातलं काहीच नसेल, तर आजच आरशासमोर जीभ बाहेर काढून तिच्या कडा बघा. ठसे दिसले तर पुढच्या भेटीत तुमच्या फिजिओथेरपिस्टला ते दाखवा.