डेकसाठी लाकूड की कंपोझिट?

प्रश्न : घरामागे उघड्यावर डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, बांधायचा आहे. सागवानी फळ्या घ्याव्यात की कंपोझिटच्या, हे ठरत नाही. अधिक काय टिकेल?

उत्तर : आपण फळ्यांचाच विचार केलेला दिसतो, पण डेकचे आयुष्य बरेचदा खालच्या सांगाड्यावर ठरते आणि वर कंपोझिट बसवले तरी तो सहसा लाकडी किंवा धातूचाच असतो. लाकूड कुजू लागते ते कापलेल्या टोकांपासून आणि स्क्रूच्या भोकांपासून, कारण पाणी तिथूनच आत मुरते. म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला संरक्षक द्रव्य लावून घ्यावेच.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचे मिश्रण. त्याला तेल लावावे लागत नाही; मात्र गडद रंगाची फळी भर उन्हात अनवाणी पायांना सोसवत नाही इतकी तापते, उष्णतेने लांबीत वाढते आणि लाकडापेक्षा लवकर वाकत असल्याने खालच्या तुळया साधारणतः ४० सेंटिमीटर अंतरावर घ्याव्या लागतात. चरा पडलेले लाकूड घासून पुन्हा नवे करता येते, कंपोझिटचे तसे होत नाही. नियमित तेल लावण्याची आपली तयारी असेल, तर मी निःसंशय लाकूडच सुचवीन. नसेल, तर चारही बाजूंनी प्लास्टिकचे आवरण असलेले कंपोझिट घ्यावे.