डोपामिन संपलेलं नाही. ओढ कशी तयार होते ते आधी पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवसभर फोनवर छोटे व्हिडिओ पाहून मेंदूतलं डोपामिन (पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात ते एक रसायन) संपलं, म्हणून अभ्यासाला बसायची इच्छाच होत नाही. आता आठवडाभर फोन, गाणी, गप्पा, आवडीचं खाणं सगळं बंद ठेवून 'डोपामिन डिटॉक्स' केलं, तर पातळी पूर्ववत होऊन प्रेरणा परत येईल का?

फोन लांब ठेवल्याचा फायदा नक्की होईल. पण तुम्ही समजता त्या कारणाने नाही. आणि कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शरीरक्रियाशास्त्र शिकवणं हे माझं काम आहे आणि हा गैरसमज मला दरवर्षी नव्या वर्गात भेटतो. त्यापायी मुलं स्वतःला फार दोष देतात, हे पाहून वाईट वाटतं.

डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, ही कल्पना कुठून आली ते आधी सांगतो. 1954 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबली की त्या जागी विजेचा सौम्य झटका मिळायचा. उंदीर तासाला हजारावर वेळा कळ दाबू लागले. लोकांनी साहजिकच अर्थ काढला की मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं. पुढे त्या मार्गांत डोपामिनचा मोठा वाटा असल्याचं दिसलं. डोपामिन अडवणारी औषधं दिली की प्राणी बक्षिसासाठी कळ दाबणं सोडून देतात, हेही दिसलं. 1982 मध्ये रॉय वाइज यांनी मांडलं की डोपामिन अडवलं की गोष्टींतली मजाच जाते. पण कळ दाबणाऱ्या उंदराला नेमकं सुख होतंय की फक्त पुन्हा पुन्हा दाबावंसं वाटतंय, हे त्याला विचारता येत नव्हतं. सगळी मेख तिथे होती.

ती सोडवली मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी. गोड चव लागली की उंदीर ओठ चाटतो आणि कडू लागली की तोंड वासतो. तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यावरही जवळपास हेच दिसतं. म्हणजे चव आवडली की नाही ते चेहऱ्यावरून वाचता येतं. त्यांनी काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केलं. हे उंदीर स्वतःहून खायचेच नाहीत. अन्न समोर असूनही उपाशी राहायचे, नळीने भरवावं लागायचं. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. गोडी शाबूत होती, तिच्यासाठी उठण्याची ओढ नाहीशी झाली होती. गोडी वाटण्याचं काम मेंदूतल्या काही लहान ठिकाणी चालतं आणि त्यात डोपामिनपेक्षा शरीरातल्या अफूसदृश रसायनांचा वाटा मोठा आहे.

हे चित्र पूर्ण काळं-पांढरं नाही, हेही सांगायला हवं. 2019 च्या एका प्रयोगात लोकांना लेवोडोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते औषध, देऊन संगीत ऐकवलं तेव्हा त्यांना ते जास्त आवडलं. डोपामिन अडवणारं औषध दिल्यावर कमी आवडलं. त्यामुळे माणसात, विशेषतः संगीतासारख्या गोष्टींत, सुखाचा आणि डोपामिनचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. पण ओढीशी असलेलं त्याचं नातं जास्त घट्ट आणि जास्त तपासलेलं आहे.

आता या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. मेंदूशास्त्रज्ञ व्होल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामिन-पेशीची नोंद घेत होते. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात सक्रिय व्हायच्या. मग रसाच्या आधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही काळाने माकड शिकलं आणि पेशी दिवा लागताच सक्रिय होऊ लागल्या. रस मिळाल्यावर मात्र त्या ढिम्म! रस तोच, तितकाच, माकड तो पीतही होतं, पण डोपामिनच्या पेशींना त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांची क्रिया नेहमीच्याही खाली जायची.

1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक कळवतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली, अपेक्षेइतकंच मिळालं तर जैसे थे. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी तयार केलेल्या गणिताशी हे इतकं जुळलं की दोन वेगळ्या वाटांनी आलेले लोक एकाच ठिकाणी पोचले. मला आजही हे शिकवताना अंगावर काटा येतो.

तुमच्या प्रश्नासाठी यातून दोन गोष्टी निघतात. डोपामिन म्हणजे वापरली की रिकामी होणारी टाकी नाही. पेशी ते सतत बनवत असतात आणि सोडलेलं बरंचसं परत आत घेऊन पुन्हा वापरतात. व्हिडिओ पाहून ते 'संपत' नाही. दुसरी गोष्ट, ओढ बक्षिसाकडून त्याच्या आधीच्या खुणेकडे सरकते. फोनचा आवाज, उजळलेली स्क्रीन, अभ्यासाच्या टेबलाशी आलेला कंटाळा, हे सगळे आता माकडाच्या दिव्याचं काम करतात. म्हणूनच व्हिडिओ पाहताना फारशी मजा येत नसली तरी हात फोनकडे जातोच. तुम्ही लिहिलंय, 'आवडतही नाही तरी बघतो'. हे वाक्य वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. गोडी आणि ओढ वेगळ्या झाल्या की नेमकं असंच वाटतं.

यात अनिश्चिततेची भर पडते. शुल्ट्झ यांच्याच गटाने 2003 मध्ये दाखवलं की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींची क्रिया हळूहळू चढत जाते आणि हा चढ तेव्हाच सर्वांत जास्त असतो. पुढचा व्हिडिओ भारी निघेल की टुकार, हे बोट सरकवेपर्यंत कळत नाही. तुमच्या अभ्यासाच्या पुस्तकात असं काही नाही. पुढच्या पानावर काय आहे ते साधारण माहीत असतं आणि निकाल कित्येक महिन्यांनी लागणार असतो. ही लढत मुळातच असमान आहे. त्यात हरणं म्हणजे चारित्र्याचा दोष नव्हे.

आता कष्टाची बाजू. हिच्याकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं आणि 'प्रेरणा' म्हणून तुम्ही जे विचारताय ते खरं इथे आहे. अमेरिकेत जॉन सॅलमोन यांनी उंदरांना दोन वाटांपैकी एक निवडायला लावली. एकीकडे थोडं अन्न सहज मिळे, दुसरीकडे दुप्पट, पण उंच अडथळा चढून. निरोगी उंदीर अडथळा चढत. मेंदूतल्या न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागातलं डोपामिन कमी केलेले उंदीर सोपी वाट धरत. ते थकले होते का? अन्नाची भूक मेली होती का? तसं नव्हतं, कारण सोप्या वाटेवरचं अन्न काढून टाकल्यावर तेच उंदीर अडथळा चढून गेले! ताकद होती आणि भूकही होती. 'एवढे कष्ट घेण्याइतकं ते मोलाचं आहे का' या हिशेबाचा काटा मात्र सरकला होता, आणि तोसुद्धा शेजारी सोपा पर्याय असतानाच.

टेबलावर फोन असताना पुस्तक उघडणं म्हणजे शेजारी सोपी वाट ठेवून अडथळा चढायला सांगणं. तुमच्या मेंदूतलं डोपामिन अगदी ठणठणीत असलं तरी तो हिशेब तुमच्या विरोधात जाऊ शकतो. म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असं मी म्हणतो तेव्हा त्यात मेंदू 'शुद्ध' करण्याचा काही भाग नाही. सोपी वाट त्या तासापुरती बंद करायची, इतकंच.

डिटॉक्सचं म्हणाल तर ही कल्पना पसरवणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपाह यांनीच 2019 मध्ये सांगितलं होतं की नाव शब्दशः घेऊ नका. त्यांना अभिप्रेत होतं ते ठरावीक सवयींना ठरावीक वेळी आवर घालणं, जे वर्तनोपचारात फार पूर्वीपासून करतात. लोकांनी त्याचं गप्पा बंद, गाणी बंद, जेवणही बेचव असं कडक व्रत केलं. मित्रांशी बोलणं थांबवून अभ्यासाची ओढ वाढेल, याला कसलाही आधार मला दिसत नाही. उलट आठवडाभर सगळंच कोरडं गेलं की आठव्या दिवशी फोन हातात घेतल्यावर मिळणारा फरक मोठा असेल. आणि फरकावरच तर या पेशी शिकतात.

'पण व्यसनात मेंदू बदलतो, मग डिटॉक्स लागतंच ना?' असं कुणी म्हणेल. ते अमली पदार्थांबाबत खरं आहे. कोकेन डोपामिन परत आत घेणारी दारं अडवतं, अॅम्फेटामिन तर त्यांची दिशाच उलटवतं. तिथे डोपामिन औषधाच्या जोरावर वाढतं, त्यामुळे अपेक्षा पूर्ण झाली तरी इशारा थांबत नाही. व्यसनांवर संशोधन करणाऱ्या नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मेथॅम्फेटामिन सोडलेल्या लोकांत ही दारं बऱ्यापैकी भरून आलेली दाखवली, पण त्यासाठी वर्षाहून अधिक काळ लागला होता. त्या निष्कर्षांवरून फोनच्या सवयीला आठवड्याचा उतारा काढणं हे दोन्ही बाजूंनी चुकतं. तुमचं नुकसान तितकं मोठं नाही आणि त्यांचं तितक्या लवकर भरत नाही.

डोपामिन 'वाढवणं' म्हणजे चांगलंच, हेही मनातून काढा. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये डोपामिनच्या पेशी मरतात आणि हालचालींबरोबर अनेकदा उत्साहही जातो. त्यांना प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी डोपामिनची नक्कल करणारी औषधं देतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3,090 रुग्णांच्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांत जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं किंवा अनावर लैंगिक वर्तन यांपैकी काहीतरी आढळलं. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं. ज्यांनी आयुष्यात कधी पैज लावली नव्हती अशी माणसंही यात अडकतात. त्यांना जास्त सुख मिळत होतं असं नाही, फक्त ओढ आवरत नव्हती. म्हणून 'डोपामिन बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. टायरोसिनच्या गोळ्यांनी सहसा फार फरक पडत नाही, कारण त्यापासून डोपामिन बनवणारं विकर (एन्झाइम) बहुधा आधीच पूर्ण क्षमतेच्या जवळ काम करत असतं. खाजकुयलीच्या बियांत तर खरोखरीचं एल-डोपा, म्हणजे वर आलेला लेवोडोपाच, असतं, आणि तेच कारण आहे ते डॉक्टरला न विचारता न घेण्याचं.

मग करायचं काय? झोप सर्वांत आधी, आणि हे मी सवयीने सांगत नाही. एक रात्र जागरण केल्यावर न्यूक्लियस अक्युम्बन्स ज्यात येतो त्या भागात डोपामिनच्या डी-टू ग्राहकांची (पेशींवर डोपामिन जिथे जाऊन बसतं त्या जागांची) उपलब्धता कमी झालेली व्होल्को यांच्या गटाने 2012 मध्ये माणसांतच दाखवली आहे. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ आणि सकाळी 'प्रेरणा नाही' ही तक्रार, यांचा संबंध 'डोपामिन संपण्या'पेक्षा इथे जास्त आहे.

मग अभ्यासाला स्वतःची खूण द्या. एकच जागा, एकच वेळ, आणि तिथे फोन कधीही नाही. सुरुवातीचा अडथळा इतका खाली आणा की चढायचं वाटूच नये: पुस्तक आदल्या रात्रीच उघडून, गणित अर्धं सोडवून ठेवा. आणि निकाल जवळ आणा. परीक्षेच्या गुणांपर्यंत मेंदू थांबत नाही, त्याला आजच फरक दिसायला हवा. पुस्तक नुसतं वाचत बसण्याऐवजी ते मिटून स्वतःलाच प्रश्न विचारा. उत्तर येईल की नाही हे माहीत नसतं आणि ते लगेच कळतं. वर सांगितलेली अनिश्चितता इथे तुमच्या बाजूने वापरता येते, आणि शिवाय अशा पद्धतीने लक्षातही जास्त राहतं. ओढ आधी येईल मग बसू, असं थांबू नका. पहिले काही दिवस ती नसणारच, कारण ती निकालांवरून शिकली जाते आणि तुमच्याकडे अजून निकालच नाहीत.

अभ्यास झाल्यावर फोन पाहायला माझी हरकत नाही. फक्त दर दहा मिनिटांनी बक्षीस म्हणून तो हातात घेऊ नका, नाहीतर अभ्यास हीच फोनची खूण होऊन बसेल.

शेवटी एक विचारायचं राहतं, ते आडपडदा न ठेवता विचारतो. मन फक्त अभ्यासातच लागत नाही, की पूर्वी आवडणाऱ्या खेळात, माणसांत, खाण्यातही लागत नाही? दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असं चाललं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हा फोनचा किंवा सवयीचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्या, कारण तिथली गडबडही अगदी अशीच दिसते. औषधांचं सोडून बाकी सगळ्याबद्दल इथे मोकळेपणाने विचारा, झोपेचं वेळापत्रक लिहिलंत तर त्यावरही बोलू.