वाचकांचे प्रश्न: खारपाणपट्ट्यात जिप्सम टाकावं का?

प्रश्न: आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. पाऊस झाला की पाणी साचतं, तूर पिवळी पडून मरते, उघडीप झाली की ढेकूळ फुटत नाही. कृषी केंद्रवाला म्हणतो एकरी चार पोती जिप्सम टाका, शेजारचे काका म्हणतात चुनाच टाका. काय करू? आणि बोअरचं पाणी दिलं तर चालेल का? (एक वाचक, जि. अमरावती)

उत्तर: भाऊ, चुना नको. पूर्णा खोऱ्यातल्या, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्यातल्या (जिथे जमीन आणि खालचं पाणी खारं आहे) मातीत चुनखडी आधीच भरपूर आहे, आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला की ती विरघळतच नाही, मग अजून टाकून काय होणार. जिप्सम (कॅल्शियम आणि गंधक असलेलं खनिज) थोडं का होईना पण विरघळतं, त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हटवून त्याची जागा घेतं, आणि हा सोडियमच तर माती फुगवून पाणी मुरायच्या वाटा बंद करतो.

आता चार पोती. ५० किलोची धरली तर २०० किलो, म्हणजे सोयाबीनला गंधकाचं खत म्हणून ठीक, पण जमीन सुधारायला जिप्सम टनाच्या हिशोबात लागतं आणि नेमकं किती ते माती परीक्षणाशिवाय कोणीच सांगू शकत नाही, दुकानदार तर नाहीच! माती द्याल तेव्हा 'जिप्समची गरज' काढून द्या असं स्पष्ट सांगा, नुसतं एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) नको. पुस्तकात मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला तर चोपण (सोडियमने बिघडलेली जमीन) असं लिहिलेलं असतं, पण आपल्या भारी काळ्या मातीत त्याहून कमी सोडियमलाही निचरा बंद पडतो, म्हणून १०-१२ आला तरी निश्चिंत राहू नका.

घरी एक टेस्ट करून बघा. वाळलेलं छोटं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात ठेवा, हलवू नका. काही तासांत भोवतीचं पाणी गढूळ झालं तर सोडियमचा त्रास आहे. या टेस्टला बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांमुळे माती खाली बसून राहते, पाणी नितळ दिसतं आणि फसायला होतं.

जिप्सम बारीक दळलेलं घ्या, मे महिन्यात पसरून वखराने वरच्या चार-पाच इंचात मिसळा, खोल गाडू नका. सुटलेला सोडियम धुऊन खाली न्यायला गोडं पाणी लागतं आणि आपल्याकडे ते फक्त पावसाचं, म्हणून उताराला धरून चर काढल्याशिवाय जिप्समवर एक रुपयाही घालू नका, मी हे फार कळकळीने सांगतोय कारण लोक पोती टाकतात आणि चर विसरतात. जमलं तर धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलोऱ्याआधी गाडा.

बोअरचं पाणी तपासल्याशिवाय देऊ नका. त्यात सोडियम बायकार्बोनेट जास्त असलं तर जिप्समने केलेलं सगळं परत उलटतं. संरक्षित ओलितासाठी (पावसाचा खंड पडला की द्यायच्या पाण्यासाठी) शेततळं काढा, चरांचं पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या आणि नंतरचं तळ्यात घ्या.