'पेड' म्हणजे पाय की मूल? इंग्रजी शब्दांच्या लॅटिन-ग्रीक मुळांविषयी

मिरजेत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. क्लासमध्ये तिला लॅटिन आणि ग्रीक मुळांची लांबलचक यादी दिली आहे. ती पाठ केली की इंग्रजी शब्द आपोआप कळतील, असं सांगितलं आहे. यादीत 'पेड' म्हणजे पाय असं छापलंय. मग 'पीडिअ‍ॅट्रिक' वॉर्डात लहान मुलं कशी? आणि बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने ही यादी पाठ करावी का?

आधी 'पेड'. यादीत तो एक दिसतो, पण मुळात दोन आहेत, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिला लॅटिन. 'पेस' म्हणजे पाय, षष्ठीत 'पेदिस'. सायकलचं 'पेडल', पायी चालणारा 'पेडेस्ट्रियन', 'पेडिक्युअर' हे सगळे त्याचे. 'सेंटिपीड' म्हणजे शंभर पायांची, आपली गोम. दुसरा ग्रीक. 'पाइस' म्हणजे मूल, षष्ठीत 'पाइदोस'. त्याला 'इआत्रोस', म्हणजे वैद्य, जोडला की 'पीडिअ‍ॅट्रिक्स' होतं. हाच वैद्य 'सायकिअ‍ॅट्री'त मनाचा होतो आणि 'जेरिअ‍ॅट्रिक्स'मध्ये म्हाताऱ्यांचा. घोटाळा झाला तो स्पेलिंगमुळे. मूल-वाचक शब्दात जुन्या पद्धतीने 'पी'नंतर 'ए-ई' अशी दोन अक्षरं लिहीत. अमेरिकनांनी 'ए' गाळला, आणि पाय व मूल एकसारखे दिसू लागले. आपल्याकडच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर अजून बहुतेक ठिकाणी ब्रिटिश स्पेलिंग असतं. तेव्हा 'ए-ई' दिसलं तर मूल, नुसता 'ई' दिसला तर बहुधा पाय. 'बहुधा' अशासाठी की 'पेडॅगॉजी'सारख्या काही शब्दांतून तो 'ए' ब्रिटिशांनीही काढून टाकला. तिथे मूल आहेच: मुलाला शाळेत नेऊन सोडणाऱ्या गुलामाला ग्रीक लोक 'पाइदागोगोस' म्हणत. शिकवण्याच्या शास्त्राचं नाव त्या गुलामावरून आलं.

ग्रीकांचा पाय वेगळा: 'पूस, पोदोस'. कॅमेऱ्याचा 'ट्रायपॉड', भाषणाचा 'पोडियम' आणि आठ पायांचा 'ऑक्टोपस' हे त्याचे. त्रिपाद, अष्टपाद असं म्हटलं तर अर्थ लगेच पोचतो.

आता तुमच्या मिरजेत पावलोपावली दिसणारा शब्द घ्या, 'ऑर्थोपीडिक'. हाडांचा डॉक्टर, शिवाय त्यात 'पेड', म्हणून हा पायाचा शब्द असणार असं वाटतं. पण त्यातही मूलच आहे. 'ऑर्थोस' म्हणजे सरळ. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 साली हा शब्द घडवला, आणि त्याला अभिप्रेत होतं वाढत्या मुलांच्या शरीरातला बाक काढून ते सरळ करणं. त्याने दिलेलं चित्र, वाकडं रोप एका सरळ खुंटाला बांधलेलं, आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्थांच्या बोधचिन्हांत दिसतं. आज त्याच विभागात सत्तरीच्या आजींचा गुडघा बदलतात. शब्द तोच राहिला, मूल मागे पडलं. मुळं शिकताना हे फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुन्हा येतो.

एक शेजारचं उदाहरण राहवत नाही म्हणून सांगतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. त्या प्रकारच्या ग्रंथाला इंग्रजीत 'एन्सायक्लोपीडिया' म्हणतात, आणि त्यातला 'पीडिया' हाही याच मुलाच्या घरातला: 'पाइदेइआ' म्हणजे मुलाला घडवणं, शिक्षण. 'एन्किक्लिओस पाइदेइआ' म्हणजे चौफेर शिक्षण.

आता दुसरा प्रश्न. यादी पाठ करू नका, पण मुळं मात्र जरूर शिका. आणि मराठी माध्यमाची अडचण मनातून काढून टाका. या एका बाबतीत तुम्ही पुढेच आहात.

इंग्रजीत शब्दांचे थर आहेत. खालचा थर घरचा: टूथ, फूट, हार्ट, मदर. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंचमार्गे लॅटिन शब्दांचा लोंढा आला. पुढे युरोपात विद्येचं पुनरुज्जीवन झालं तेव्हा पंडितांनी लॅटिन आणि ग्रीकमधून थेट शब्द उचलले, नवे घडवले. म्हणून घरात 'टूथ' दुखतो, पण दवाखान्यात सगळं 'डेंटल' असतं. छातीत 'हार्ट', विभाग 'कार्डिअ‍ॅक'. घरी 'मदर', रजा 'मॅटर्निटी'. मराठीत आपण हेच रोज करतो. दात दुखतो, पण जातो दंतवैद्याकडे. डोळा आला तर नेत्रतपासणी शिबिर. लिहितो हाताने, पण ते हस्ताक्षर. घरी पाणी येतं, खातं जलसंपदा. शाळेत तद्भव आणि तत्सम शिकलात ना, तीच ही रचना. इंग्रजीत संस्कृतच्या जागी लॅटिन आणि ग्रीक बसले आहेत, एवढाच फरक. रोजचा शब्द एक आणि शास्त्राचा दुसरा, याची सवय तुमच्या कानाला आधीच आहे.

शिवाय ही दोन्ही घराणी संस्कृतची भावंडं आहेत. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याला मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, तिन्ही कुठल्यातरी एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्यामुळे 'दन्त' आणि लॅटिन 'देन्तिस', 'नाम' आणि 'नोमेन', 'मध्य' आणि 'मेदिउस', 'नव' आणि 'नोवुस' अशा जोड्या सापडतात. तुमच्या पाठ्यपुस्तकातली तांबडी पेशी म्हणजे 'एरिथ्रोसाइट' बघा. ग्रीक 'एरिथ्रोस' म्हणजे लाल, आणि तो आपल्या 'रुधिर'चा सख्खा नातलग. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये 'स' असेल तिथे ग्रीकात पुष्कळदा 'ह' येतो: सप्त, 'सेप्तेम', 'हेप्ता'. 'सम'चा ग्रीक भाऊ 'होमोस', म्हणून एकसारखं ते 'होमोजीनिअस'. (लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस, तो निराळा. इथेही यादीवाले घसरतात.)

वॉर्डात तर रोजच उपयोग होईल अशी जोडी आहे, 'हायपर' आणि 'हायपो'. परीक्षेत ऐनवेळी उलटसुलट होते ती हीच. 'हायपर' हा संस्कृत 'उपरि'चा भाऊ, वर. 'उपरोक्त' म्हणजे वर सांगितलेलं. 'हायपो' हा 'उप'चा भाऊ, खाली. उपसरपंच सरपंचाच्या खाली. मग 'हायपरटेन्शन'मध्ये दाब वर, 'हायपोटेन्शन'मध्ये खाली, आणि 'हायपोडर्मिक' सुई त्वचेच्या खाली. त्यातला 'टेन्शन' लॅटिन, ताणण्यावरून आलेला, आणि ताण, तंतू ज्याच्यापासून झाले त्या 'तन्' धातूशी त्याचं नातं आहे. आपण 'टेन्शन'ला ताण म्हणतो ते भाषांतर म्हणून, पण रक्ताचंही नातं निघालं, याचा मला दरवेळी आनंद होतो.

नकाराचा 'अ' तर जशाच्या तसा. आपल्याकडे व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्': अशक्य, पण अनादि. ग्रीकात हाच नियम. 'एपथी'त 'अ', 'अ‍ॅनार्की'त 'अन्'. 'अ‍ॅनिमिया'त 'अन्' आणि 'हाइमा', म्हणजे रक्त, रक्ताचा अभाव. 'अ‍ॅटम' म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो. पण लगेच 'अ‍ॅनाटॉमी'तही नकार शोधू नका. तिथे 'अना' हा वेगळा उपसर्ग आहे, अर्थ साधारण 'वरपासून, पूर्ण', आणि 'तोमे' म्हणजे कापणं. शरीर कापून आतली रचना पाहायची ती अ‍ॅनाटॉमी.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मजकुरात ती रोज चुकीची येते. इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही. ग्रीक आणि लॅटिनही नाहीत. ही चुलत-मावस नाती आहेत, आई-मुलीचं नातं नव्हे. आणि दिसायला सारखं म्हणून नातं, असंही नाही. लॅटिन 'देउस' आपल्या 'देव'चा भाऊ आहे, पण 'थिऑलॉजी'तला ग्रीक 'थेओस' अर्थाने देव असूनही नात्याने कुणीच नाही. नातं ठरतं ते ध्वनी नियमाने बदलले आहेत का यावरून. 'प'च्या जागी इंग्रजी घरच्या शब्दात 'फ' येतो: पितृ–फादर, पाद–फूट. 'द'च्या जागी 'ट': दन्त–टूथ, दश–टेन. असे नियम शेकडो शब्दांत लागू पडतात तेव्हाच विद्वान नातं मान्य करतात.

मात्र काही शब्द खरोखरच आपल्याकडून तिकडे गेले, आणि त्यातला एक सांगली-साताऱ्याच्या शिवारात उभा आहे. उसाचं शास्त्रीय नाव 'सॅकरम ऑफिसिनॅरम'. संस्कृत 'शर्करा', प्राकृतात 'सक्खर', तिथून ग्रीकांनी 'साक्खारोन' केलं, लॅटिनने ते घेतलं. तुमच्या बायोकेमिस्ट्रीतले 'डायसॅकराइड', 'पॉलिसॅकराइड' तिथले. 'सॅकरिन' तिथलं. फारसी-अरबीमार्गे फिरून गेलेला त्याच शब्दाचा दुसरा अवतार म्हणजे 'शुगर'. आणि घरच्या डब्यातली 'साखर'ही तीच. 'पॉलिसॅकराइड' हा शब्द कुणाही मराठी मुलीला परका वाटायचं कारण नाही, त्यात मधोमध साखर ठेवलेली आहे.

आता ऑर्थोपीडिकपाशी सोडलेला धागा. मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला, असं होत नाही. संस्कृत व्याकरणकारांनी हे कधीच ओळखलं होतं: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते', उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे नेतो. पुढचीच ओळ उदाहरणं देते: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. सगळ्यांत 'हृ' धातू, पण नुसत्या 'हृ'वरून आहार म्हणजे जेवण हे कुणालाही ओळखता आलं नसतं. इंग्रजीत 'फेर' म्हणजे वाहून नेणं, आपल्या 'भृ'चा, 'भार'चा भाऊ. त्यातून ट्रान्सफर, प्रिफर, डिफर, इन्फर. तालुक्याच्या दवाखान्यातून पेशंट मिरजेला 'रेफर' करतात तेव्हा शब्दात आहे 'मागे वाहून नेणं', आणि प्रत्यक्षात तो पुढे, मोठ्या दवाखान्यात गेलेला असतो. 'मॅन्युफॅक्चर'मध्ये 'मानुस' म्हणजे हात आहे, तरी कुपवाडच्या एमआयडीसीत बहुतेक सगळं यंत्रावर होतं. म्हणून अनोळखी शब्दाचा अर्थ फक्त मुळावरून ठरवायचा नाही, निदान औषधाच्या आणि रुग्णाच्या बाबतीत तर कधीच नाही. आधी वाक्यावरून, मग शब्दकोशावरून अर्थ पक्का करायचा. मूळ येतं त्यानंतर, आणि त्याचं काम शब्द विसरू न देणं. यादी पाठ करण्यात हाच क्रम उलटा होतो, आणि शब्द भेटायच्या आधी पाठ केलेलं मूळ पंधरा दिवसांत पुसलं जातं.

मूळ शब्दाला कसं चिकटवून ठेवतं, याचं माझं आवडतं उदाहरण 'मसल'. लॅटिन 'मुस' म्हणजे उंदीर, आपल्या 'मूषक'चा नातलग. 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी हलतं, त्यात रोमन लोकांना उंदीर दिसला. सांगलीकडच्या कुठल्याही तालमीतला पोरगा दंड वळवून काय दाखवतो? बेटकुळी. आपल्याला तिथे बेडूक दिसला. एकदा हे ऐकलं की 'मसल'च्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा 'सी' पुन्हा कधी चुकत नाही, तो 'मुस्कुलुस'मधला 'क' आहे.

तुमच्यासाठी करण्यासारखं असं. वॉर्डात किंवा पुस्तकात नवा शब्द भेटला की त्याचा अर्थ नीट बघा, मग चांगल्या शब्दकोशातली व्युत्पत्ती वाचा, आणि त्याच कुटुंबातले तुम्हाला आधीपासून माहीत असलेले दोन-तीन शब्द शेजारी लिहा. मराठी-संस्कृत नातलग सापडला तर तोही. क्लासची यादी फेकू नका, ती अशा वेळी चाळायला ठेवा, आणि 'पेड'पुढे 'मूल' असं हाताने लिहून घ्या.

सुरुवात 'तोमे'पासून करा, कारण शस्त्रक्रियांच्या नावांत गोंधळ होतो तो इथे. नुसती '-टॉमी' म्हणजे छेद घेणं: 'ट्रॅकिऑटॉमी'त श्वासनलिकेला छेद. '-एक्टॉमी'त 'एक' म्हणजे बाहेर, कापून काढून टाकणं: 'अ‍ॅपेंडेक्टॉमी', 'हिस्टरेक्टॉमी'. आणि '-ऑस्टॉमी'त 'तोमे' नाहीच, तिथे 'स्तोमा' म्हणजे तोंड: 'कोलोस्टॉमी'त मोठ्या आतड्याला पोटावर नवं तोंड करून देतात. म्हणून त्या पेशंटच्या पिशवीखालच्या जागेला वॉर्डात सगळे 'स्टोमा' म्हणतात.